चार फडांचं गणित

पांझरेच्या काठी बागायत करणाऱ्या शेतकऱ्याला एका गोष्टीची मुभा नव्हती. आपल्या शेताला आपल्या हातानं पाणी द्यायचं नाही. शेत त्याचं, बियाणं त्याचं, बैल त्याचे, पिकेल ते धान्यही त्याचंच. पण पाटाचं पाणी बांधापर्यंत आलं की दारं धरायचं काम दुसऱ्या माणसाचं. त्याला बारेकरी म्हणत. बारेकरी गावानं नेमलेला असे. तो एका टोकापासून निघे आणि ओळीनं एकेक शेत भिजवत पुढं सरके. कुणाचं शेत पाटलाचं आणि कुणाचं विधवा बाईचं, याचा पाण्याच्या क्रमाशी संबंध नसे. मालक त्या दिवशी बाजाराला गेलेला असला तरी त्याचं शेत भिजे, आणि बांधावर उभा असला तरी त्याला एक घमेलं जास्त मिळत नसे.

खानदेशातल्या फड पद्धतीची ही एक अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती जाचक वाटली होती. बाकीची व्यवस्था समजत गेली तसं लक्षात आलं की नदीकाठचा सगळा सलोखा याच अटीवर उभा होता.

ही पद्धत तापीच्या खोऱ्यातली. धुळे जिल्ह्यात पांझरा, आणि नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात मोसम आणि आरम, या तीन नद्यांवर ती प्रामुख्यानं रुजली. पांझरा थेट तापीला मिळते, मोसम आणि आरम गिरणेतून तापीला. पद्धत साधारण तीनशे ते चारशे वर्षं जुनी मानली जाते, आणि काही गावांत तिचे अवशेष आजही चालू आहेत. म्हणजे इंग्रजांनी 1818 मध्ये खानदेश ताब्यात घेऊन धुळ्याला ठाणं केलं, 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडले, पुढं त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, 1998 मध्ये नंदुरबार वेगळा निघाला, या सगळ्याच्या आधीपासून पांझरेच्या काठी शेतकऱ्यांच्या सभा भरत होत्या आणि यंदा कुठल्या फडात, म्हणजे बागायतीच्या कुठल्या भागात, काय लावायचं हे ठरवत होत्या. सरकारं बदलली, पाट वाहत राहिले.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो कोसळणारे ढग साक्री ओलांडून धुळ्याकडं येईपर्यंत रिकामे झालेले असतात. धुळ्याच्या आसपास वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पण पश्चिमेच्या डोंगरांत पडलेला पाऊस पांझरेतून खाली येतो. पिंपळनेर, सामोडे, पुढं नेर, मग धुळे, असा नदीचा रस्ता आहे. आभाळ कोरडं पण नदी ओली, असा काळ वर्षातून काही महिने असतो. फड पद्धतीचा जन्म या फटीत झाला.

नदीत जिथं तळाशी पक्का खडक लागतो तिथं दगडी बंधारा घातलेला. हा बंधारा आणि आजचं धरण यांत मोठा फरक आहे. धरण पाणी साठवतं. बंधारा पाणी साठवत नाही, फक्त उचलतो. वाहत्या नदीची पातळी चार-सहा हात वर आली की काठाशी खोदलेल्या पाटात पाणी आपोआप शिरतं. पूर आला तर बंधाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. दरवाजे नाहीत, बुडीत क्षेत्र नाही, कुणाचं गाव उठवावं लागत नाही.

आता पाटाकडं पाहा, कारण खरी करामत तिथं आहे. नदी उतारानं झपाट्यानं खाली जाते. पाट मात्र जमिनीच्या कडेकडेनं, अगदी हलक्या उतारानं नेलेला असतो. सुरुवातीला दोघं एकाच पातळीवर, पण मैलभर पुढं गेल्यावर नदी बरीच खाली आणि पाट अजून वरच. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात पाणी सोडायला मोट लागत नाही, पंप लागत नाही. पाट फोडायचा आणि पाणी स्वतःच्या वजनानं शेतात उतरतं. पाटांची लांबी दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत. दुर्बिणी आणि पातळीयंत्रं नसताना बारा किलोमीटर असा उतार धरून ठेवायचा, की पाणी साचू नये आणि इतकं पळूही नये की तळ खरवडून निघेल! ज्यांनी तो धरला त्यांची नावं कुठंही कोरलेली नाहीत. पाट मात्र अजून पाणी नेतात.

पाटाला फुटतात त्या चाऱ्या, चारीतून शेताशेतात जाणारे सारंग, आणि जादा झालेलं पाणी बाहेर काढणारे सांडवे. सांडव्याचं पाणी पुन्हा नदीत. जमिनीत मुरलेलं पाणीही झिरपत झिरपत नदीलाच भेटतं. त्यामुळं वरच्या गावानं वापरलेल्या पाण्यातला काही वाटा खालच्या गावाच्या बंधाऱ्यात परत प्रकट होतो. एका नदीवर बंधाऱ्यांची साखळी कशी टिकली, याचं अर्धं उत्तर या झिरप्यात आहे.

पाटाची क्षमता सेकंदाला सुमारे 450 लिटर अशी नोंदवलेली आहे. जरा हिशेब करू. पाट पूर्ण भरून चोवीस तास चालला तर 3 कोटी 88 लाख लिटर पाणी वाहतं. एका पाळीला शेतात साडेसात सेंटिमीटर पाणी उभं करायचं म्हटलं तर एवढ्यात जेमतेम 52 हेक्टर भिजतील. तेही कागदावर, कारण मातीच्या पाटात आणि चारीत बरंच पाणी मुरतं. निम्मं मुरलं असं धरलं तर दिवसाला पंचवीस-सव्वीस हेक्टर. एक फड सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टरचा, म्हणजे एकाच फडाला चार-पाच दिवस. असे चारही फड भिजवायचे तर पुन्हा पहिल्या शेताची पाळी यायला दोन ते तीन आठवडे सहज लागतील. हे नदी भरून वाहत असतानाचं गणित. मार्चमध्ये ती अर्ध्यावर आली तर? तेव्हा सगळ्यांना सगळ्या पिकांसाठी पाणी मिळणारच नाही, हे आकडे सांगतात. ते शेतकऱ्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी यातून काढलेली वाट फार विलक्षण आहे.

पाटाखालच्या कायम बागायतीचे त्यांनी बहुधा चार भाग केले. तेच फड. लहान गावात फड दहा हेक्टरचा, मोठ्या गावात दोनशेचाही. हंगामाच्या आधी गाव बसायचं आणि ठरवायचं की या फडात ऊस, त्या फडात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात भात, आणि पाण्याचा अंदाज वाईट असेल तर चौथा पडीक. एका फडात एकच पीक. दहा शेतकरी असोत की शंभर, त्या फडात ज्याची जमीन त्यानं तेच पीक लावायचं. पुढच्या वर्षी फेर बदलायचा.

एका फडात एकच पीक का, याचा विचार करताना मला एकामागून एक कारणं सापडत गेली. सगळ्यांचं पीक एक, म्हणून सगळ्यांची तहान एकाच वेळी. बारेकरी एका टोकाला सुरू झाला की थेट दुसऱ्या टोकाला थांबतो. मध्येच कुणाचा हरभरा आणि कुणाचा ऊस असता तर पाणी उड्या मारत गेलं असतं, आणि प्रत्येक उडीला कोरडी चारी ओली करण्यात वाया गेलं असतं. ज्या फडाची पाळी नाही तिकडची चारी पूर्ण बंद, म्हणजे तिथं एक थेंबही मुरत नाही. उसाचं पाणी शेजारच्या बाजरीत पाझरून तिची मुळं कुजवत नाही, कारण शेजारीही ऊसच आहे. राखण सोपी, कारण पाखरं आणि मोकाट जनावरं कुठं येणार ते आधीच माहीत. कापणी एकदम, म्हणून गाड्या जायला वाट मोकळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पीक फिरतं राहिल्यानं जमिनीला विसावा. उसाच्या सततच्या पाण्यानं जमिनी चोपण आणि खारवट होतात, हे आपण पश्चिम महाराष्ट्रात कृष्णाकाठी विसाव्या शतकात फार मोठी किंमत देऊन शिकलो. पांझरेच्या काठी हा धोका फेरपालटानं आणि सांडव्यांनी आधीच आवरलेला होता.

तरी एक प्रश्न उरतो, आणि तो कुठल्याही सामायिक व्यवस्थेचं मरण असतो. यंदा माझ्या वाट्याच्या फडात बाजरी आणि त्याच्या फडात ऊस, तर मी का ऐकावं? चौथा फड पडीक ठेवायचा ठरला आणि माझी सगळी जमीन चौथ्याच फडात असली तर मी खायचं काय?

याचं उत्तर जमिनीच्या वाटणीत आहे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एका जागी नव्हती. प्रत्येक फडात तिचा एकेक तुकडा होता. त्यामुळं प्रत्येकाच्या घरात थोडा ऊस, थोडा गहू, थोडं कडधान्य. एक फड बंद ठेवला तर गावातल्या प्रत्येकाची जमीन आपापल्या हिश्शानं बंद. पाटाच्या तोंडाशी शेत असलेला माणूस दुसऱ्या फडात शेपटाला असायचा. आजच्या कालव्यांवरचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडू भांडण हे तोंडावरचे आणि शेवटाचे यांच्यातलं असतं. वरचा शेतकरी भरपूर उपसतो, खालच्याला कोरडी चारी. फड गावात हे भांडण उभं राहायला दोन पक्षच नव्हते. ज्याला वरच्या फडात चोरी करावीशी वाटेल त्याचीच खालच्या फडात चोरी होणार.

मला वाटतं, मानवी समाजानं काढलेल्या सर्वात सुंदर युक्त्यांपैकी ही एक आहे. कुणी चांगलं वागावं म्हणून कीर्तन केलेलं नाही, पहारे वाढवलेले नाहीत, दंडाची भीतीही मुख्य नाही. जमीनच अशी वाटली की प्रत्येकाचा स्वार्थ आणि गावाचा स्वार्थ एकाच दिशेला तोंड करून उभा राहिला. दुष्काळाच्या वर्षी ‘कुणाचं पाणी तोडायचं’ हा जीवघेणा सवाल ‘कुठला फड बंद ठेवायचा’ एवढ्यावर आला. पहिल्या सवालावर डोकी फुटतात. दुसऱ्यावर सभा घेता येते.

ही सभा म्हणजे पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांची. कुठल्याही कायद्यानं नोंदलेली नाही, पण तिच्याकडं नोकर होते. पाटकरी पाटाचं पाणी सांभाळायचा, कोणत्या चारीला किती सोडायचं ते बघायचा. जागल्या पाटावर आणि पिकांवर रात्रंदिवस नजर ठेवायचा. हवालदार सगळ्यांवर देखरेख करायचा. आणि बारेकरी प्रत्यक्ष शेत भिजवायचा. गावागणिक नावं आणि कामांच्या हद्दी थोड्या बदलतात, पण रचना हीच. यांना रोख पगार नसे. पीक निघालं की शेतकरी आपल्या जमिनीच्या प्रमाणात धान्य देत. यात एक बारकावा आहे. बारेकऱ्याचं पोट सगळ्यांच्या पिकावर अवलंबून. एका शेतात पाणी साचून पीक पिवळं पडलं आणि दुसरं वाळलं, तर त्याचीही रास तेवढी लहान. शेतकऱ्याच्या हातून पाणी काढून घेतलं त्याची भरपाई अशी झाली: ज्याच्या हाती दिलं तोही पिकाचा भागीदार ठरला.

दरवर्षी पाटाचा गाळ काढायचा, फुटलेली चारी बांधायची, बंधाऱ्याचे निखळलेले दगड बसवायचे. ही कामं शेतकऱ्यांनी मिळून करायची. चिठ्ठी नाही, निविदा नाही, मंजुरीची वाट पाहणं नाही. नियमही बहुतेक तोंडीच. तरी ते इतका काळ टिकले, कारण ते रोज वापरात होते.

आता जरा दूर जाऊ. फिलिपिन्सच्या उत्तर भागात इलोकोस नॉर्ते नावाचा प्रांत आहे. तिथले भातशेती करणारे लोक नदीला बांध घालून पाट काढतात आणि त्या पाटावरच्या शेतकऱ्यांचं मंडळ असतं. त्याला ते झांजेरा म्हणतात. या झांजेरांत जमिनीचे तीन किंवा अधिक पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक सभासदाला प्रत्येक पट्ट्यात एकेक तुकडा असतो, म्हणजे एक पाटाच्या तोंडाशी, एक शेपटाला. पाणी कमी पडलं तर एखादा पूर्ण पट्टा भिजवायचा नाही असं ठरवतात. वाचताना अंगावर काटा येतो. साक्रीचा शेतकरी आणि इलोकोसचा शेतकरी यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. भाषा वेगळ्या, देव वेगळे, मध्ये हजारो किलोमीटरचा समुद्र. दोघांसमोर तीच लहरी नदी होती आणि दोघांनी तेच उत्तर काढलं. झांजेरांनी एक पाऊल आणखी टाकलं. मंडळाच्या कारभाऱ्यांना मोबदला म्हणून जी जमीन दिली जाते ती पाटाच्या अगदी शेवटाला. कारभाऱ्याच्या शेतापर्यंत पाणी पोचायचं असेल तर आधी सगळ्यांच्या शेतातून पोचायला हवं. आपल्याकडं पाणीपुरवठा पाहणाऱ्यांची घरं नळाच्या शेवटच्या टोकाला असावीत, असा नियम केला तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

झांजेरांची ही माहिती जगभर पोचवली एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीनं, 1990 मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकातून. त्याआधी 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी एक निबंध लिहिला होता. सामायिक कुरण असलं की प्रत्येक गुराखी आपली जास्त गुरं सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होतं, असा त्यांचा मुद्दा. त्यावर उपाय म्हणून लोक दोनच वाटा सुचवत राहिले: सगळं सरकारच्या ताब्यात द्या, नाहीतर खासगी मालकी करा. ऑस्ट्रॉमनं प्रत्यक्ष गावं, पाट, कुरणं तपासून दाखवलं की तिसरी वाट शेकडो वर्षं चालू आहे. वापरणाऱ्यांनीच नियम करायचे, वापरणाऱ्यांनीच राखण करायची. स्पेनमधल्या वलेन्सियात पाण्याचे तंटे सोडवणारं शेतकऱ्यांचं न्यायमंडळ दर गुरुवारी दुपारी तिथल्या मोठ्या चर्चच्या दाराशी बसतं आणि तोंडीच निवाडे देतं, तेही तिनं अभ्यासलं. 2009 मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिनं यशस्वी व्यवस्थांची जी लक्षणं सांगितली आहेत, म्हणजे हद्द स्पष्ट असणं, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असणं, राखणदार लोकांना जबाबदार असणं, ती वाचत गेलं की पांझरेचा पाट डोळ्यासमोर येतो.

या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. फडाचं पाणी मिळे ते नदी आणि पाट यांच्यामधल्या पट्ट्याला. पाटाच्या वरच्या अंगाला ज्याची जिरायत, त्याच्या डोळ्यांदेखत पाणी वाहत जाई आणि त्याला त्यातलं काही मिळत नसे. ज्याला जमीनच नाही त्याला सभेत आवाज नाही. ज्यांच्या राबण्यावर गहू-ऊस उभा राहायचा त्या मजूर बायकांना यंदा काय लावायचं हे कुणी विचारत नसे. समतेची ती रचना बागायतदारांपुरती होती, आणि हे लपवून तिचं कौतुक केलं तर ते खोटं ठरेल. पण आपल्या कुंपणाच्या आत तिनं जे साधलं ते आजच्या कित्येक अब्ज रुपयांच्या कालव्यांना साधलेलं नाही, हेही तितकंच खरं.

मग ती मागं का पडली? एका झटक्यात नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला धरणं आली. पांझरेवर लाटीपाडा, तिला मिळणाऱ्या कान नदीवर मालनगाव, पुढं अक्कलपाडा. धरणांनी फायदा दिला हे नाकारता येत नाही. धुळे शहराची तहान भागवायला अक्कलपाड्याचाही आधार आहे. पण पाणी कधी येणार हे नदीकडं पाहून ठरवण्याऐवजी ते आता सरकारी आवर्तनावर ठरू लागलं, आणि सभेच्या हातातला मुख्य निर्णय गेला. त्यात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला फडाच्या पिकाची सक्ती कशाला हवी? तो गव्हाच्या फडात ऊस लावणार. एकानं लावला की शेजाऱ्याच्या गव्हात पाणी पाझरणार.

तिसरं कारण घराघरातलं आहे. चार फडांत चार तुकडे असलेल्या बापाला चार मुलगे झाले की प्रत्येक तुकड्याचे चार तुकडे. दोन पिढ्यांत एकेकाच्या वाट्याला इतकी चिंचोळी पट्टी येते की नांगर वळवायला जागा पुरत नाही. 1947 मध्ये मुंबई प्रांतानं तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला तो अशाच अडचणींसाठी. विखुरलेली जमीन एका ठिकाणी आणावी हा त्याचा हेतू, आणि जिरायत मुलखात तो शहाणपणाचाही. पण फड गावात जमीन विखुरलेली असणं हाच न्यायाचा पाया होता. कायद्याला जो दोष दिसला तो इथं गुण होता. राज्यभरासाठी एकच मोजपट्टी वापरली की असं होतं, आणि त्या वेळी हे सांगायला पांझरेकाठचा शेतकरी मुंबईच्या सभागृहात हजर नव्हता.

जळगावकडं वळलं की याच गोष्टीचं दुसरं, जास्त काळजीचं रूप दिसतं. यावल-रावेरच्या पट्ट्यात तापीचा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा गाळ खूप खोल आहे. वर केळीच्या बागा, खाली विहिरी आणि कूपनलिका. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची कीर्ती सार्थ आहे. पण याच दोन तालुक्यांत भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त होतो असं सरकारी मोजणी वर्षानुवर्षं सांगते आहे. नदी सगळ्यांना दिसते. ती आटली की पूर्ण गाव बघतं आणि गाव बसून ठरवतं. जमिनीखालचं पाणी कुणालाच दिसत नाही. शेजारी दोनशे फूट खाली गेला की मी तीनशे फूट जायचं, एवढंच उरतं. हार्डिनचं कुरण आज आपल्या पायाखाली आहे. भूजलासाठी फड कसा पाडायचा, हा खानदेशापुढचा या काळातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे असं मला मनापासून वाटतं.

तो सुटणारच नाही असं मात्र नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचं छोटं आदिवासी गाव आहे. आजूबाजूचं जंगल तोडून उजाड झालेलं, बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं गावानं ठरवलं की हे चारशेहून अधिक हेक्टर जंगल आपण राखायचं. वृक्षतोडीला दंड, चराईला बंदी, राखणीला गावचीच माणसं, आणि जोडीला डोंगरउतारावर बांध-चर. जंगल परत आलं, मागोमाग विहिरींना पाणी आलं. गाव दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरवतं, कारण तोडलं नाही तर जंगल किती खायला देतं हे ताटात दिसावं. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. फडाच्या सभेनं जे पाण्याचं केलं तेच या गावानं झाडांचं केलं: हद्द ठरवली, नियम स्वतः केले, राखणदार आपल्यातला नेमला.

सरकारही वळून जुन्या वाटेकडं आलं. महाराष्ट्रात 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा झाला. कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढायची, पाणी मोजून घ्यायचं, आपसांत वाटायचं, पट्टी गोळा करायची. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी याच्याही आधी हे करून दाखवलं होतं. पण कायद्यानं पीक निवडायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलं आणि वाटप तेवढं सामायिक ठेवलं. फडकऱ्यांनी नेमकं उलटं ओळखलं होतं. पाणी वाटून घ्यायचं असेल तर कोणतं पीक किती लावायचं हे आधी मिळून ठरवावं लागतं. उसाची तहान आणि हरभऱ्याची तहान एका मापात बसत नाही. माझ्या मते कागदोपत्री नोंदलेल्या कित्येक पाणी वापर संस्था निपचित पडण्याचं एक मोठं कारण हेच आहे. अवघड प्रश्न टाळून सोपा तेवढा त्यांच्या हाती दिला गेला.

शेवटी एक विनंती आहे, आणि ती साक्री, धुळे, बागलाणातल्या वाचकांना आहे. या व्यवस्थेचे नियम तोंडी होते. बंधारा दगडाचा आहे, तो आणखी शंभर वर्षं राहील. नियम मात्र ज्यांनी पाळले त्यांच्याबरोबर जातील. तुमच्या घरात, गल्लीत, मामाच्या गावी कुणी पाटकरी, जागल्या, बारेकरी होऊन गेलेला असेल, किंवा त्याला धान्य मोजून दिलेलं ज्यांना आठवतं अशी म्हातारी माणसं असतील, तर त्यांच्यापाशी बसा आणि विचारा. तुमच्या बंधाऱ्यावर फड किती होते, त्यांची नावं काय होती, दुष्काळात कुठला आधी बंद व्हायचा आणि का, बारेकऱ्याला बिघ्याला किती धान्य मिळायचं, चोरून पाणी घेतलं तर काय व्हायचं, खालच्या गावाशी भांडण झालं तर कोण सोडवायचं. जे सांगतील ते त्यांच्याच अहिराणीत लिहून ठेवा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. हे काम या उन्हाळ्यातच करा. पुढच्या उन्हाळ्यात विचारायला ती माणसं असतीलच याची खात्री नाही.